अचाट करामतींना शेरा नको, आकडा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधराव्या मजल्यावरून कोसळणाऱ्या मुलीला नायक हवेत झेलतो. तोफेच्या गोळ्यात बसून माणसे चंद्राकडे निघतात. एका बुक्कीत गुंड काच फोडून पलीकडे जाऊन पडतो. अशा करामतींवर वर्तमानपत्रांत, विशेषतः मुलांच्या पुरवण्यांत, अधूनमधून लेख येतात आणि बहुतेक लेख एका शेऱ्यावर संपतात: ‘विज्ञानाच्या दृष्टीने हे अशक्य आहे.’ नाहीतर उलट टोक, ‘आज अशक्य, उद्या शक्य!’ या दोन्ही शेऱ्यांतून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. अशक्य म्हणजे थोडक्यात हुकले की हजारो पटींनी? नेमके कशापाशी अडले? कथेत काय बदलले तर जमून जाईल? हे सांगायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे आणि वर सांगितलेल्या तिन्ही करामती तपासायला तेवढा एक धडा पुरतो. म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की आपल्या पुरवणीत अशा करामती शेरा न मारता, आकडेमोड करून तपासणारे सदर सुरू करावे. ते कसे असावे, हे उदाहरणांनीच सांगतो.

आधी एक पथ्य. कल्पित कथेला एक सूट द्यायची आणि तिथेच थांबायचे. नायकाला उडता येते, ही सूट दिली. ते कसे शक्य आहे, यावर वाद घालायचा नाही. मात्र खाली पडणारी मुलगी साधी माणूस आहे, तिची हाडे साधी आहेत आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणही नेहमीचेच आहे. म्हणजे तपासणी मुलीची करायची, नायकाची नाही. हे पथ्य पाळले नाही की लेख ‘माणसाला उडता येत नाही’ इथेच संपतो आणि खरा गमतीचा भाग हातचा जातो.

आता मजल्याची उंची तीन मीटर धरली, तर पंधरा मजले म्हणजे 45 मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर इतके पडायला तीन सेकंद लागतात आणि शेवटचा वेग सेकंदाला सुमारे 30 मीटर, म्हणजे ताशी 107 किलोमीटर होतो. नायक तिला दोन हातांवर झेलतो. झेलताना हात फार तर अर्धा मीटर खाली येतात. इथे एक सोपा नियम कामाला येतो: जितक्या उंचीवरून पडले, त्या उंचीला थांबायला मिळालेल्या अंतराने भागा आणि त्यात एक मिळवा. जे उत्तर येईल, तितक्या पट वजनाएवढा सरासरी जोर अंगावर येतो. 45 भागिले अर्धा म्हणजे 90, अधिक एक, म्हणजे 91. साठ किलोच्या मुलीवर साडेपाच टनांचा जोर, आणि तोही नायकाच्या दोन हातांएवढ्या अरुंद जागेवर, पाठीच्या कण्याखाली. तिच्या दृष्टीने हे झेलणे आणि रस्त्यावर आपटणे यांत फारसा फरक उरत नाही.

पुष्कळ चित्रपटांत नायक खालून वर झेपावत तिला गाठतो. दिसायला ते जास्त थरारक, पण हिशेबात जास्त घातक. तो सेकंदाला 10 मीटरने वर येत असेल, तर दोघांचा एकमेकांशी वेग 40 मीटर होतो. थांबवणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे मघाचे 90 आता 160 च्या वर जातात.

शेरा मारणारा लेख इथे थांबला असता. आकडा हाती असला की पुढे जाता येते: हे झेलणे जमवायचे कसे? नायकाने वरून सूर मारावा, मुलीला गाठावे, तिच्याच वेगाने तिच्यासोबत पडत तिला धरावे आणि मग हळूहळू वेग कमी करावा. 45 पैकी 36 मीटर ती पडली आणि उरलेल्या 9 मीटरमध्ये त्याने तिला थांबवले, तर 36 भागिले 9 म्हणजे चार, अधिक एक, पाच. पाचपट वजन क्षणभर कोणीही धडधाकट माणूस सोसतो. पटकथेत एवढाच बदल केला तर उडण्याची सूट कायम राहते आणि मुलगीही जगते. लेखकांना आणि दिग्दर्शकांना उपयोग होईल तो अशा उत्तराचा.

हा मुद्दा कागदी नाही. 1973 मध्ये स्पायडरमॅनच्या चित्रकथेत न्यूयॉर्कमधल्या पुलावरून पडणाऱ्या त्याच्या प्रेयसीला तो जाळ्याच्या तंतूने पकडतो आणि तरीही ती मरते. वाचकांनी विचारले, असे कसे? त्याच मासिकाच्या वाचकपत्रांच्या पानावर खुलासा आला की जाळ्याने तिला एकदम थांबवले, त्या हिसक्याने तिचा जीव गेला. पुढे मिनेसोटा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे जेम्स काकालिओस यांनी हाच प्रसंग वर्गात शिकवायला घेतला. वाचकपत्रांच्या पानावरून शास्त्र पुढे सरकल्याचा हा दाखला आपल्याही कामाचा आहे.

माणूस किती सोसतो, याचे खरे मोजमापही उपलब्ध आहे. 10 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत बसून ताशी 1,017 किलोमीटर वेगाला पोहोचले आणि 1.4 सेकंदात थांबले. भागाकार केला तर सरासरी वजनाच्या सुमारे 20 पट येते. प्रत्यक्ष उपकरणांवर सर्वांत मोठा झटका 46.2 पट नोंदला गेला. ते जगले, पण डोळ्यांत रक्त उतरले होते. वरचा सोपा नियम सरासरी देतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. शिखर, म्हणजे क्षणभराचा सर्वांत मोठा जोर, त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असू शकते. लेखात सरासरी छापून ‘माणूस 46 पट सोसतो’ या आकड्याशी तुलना केली, की चूक झालीच. सरासरी सरासरीशी ताडावी, शिखर शिखराशी. शिवाय स्टॅप आसनाला पट्ट्यांनी घट्ट जखडलेले होते. मोकळ्या मानेला हा आकडा लागू नाही.

इमारतींच्या बांधकामावर उंचावर काम करणारे कामगार अंगात पट्टे घालतात. त्यांच्या दोराला शिवून बंद केलेले एक जाड पुडके असते. कामगार पडला की त्यातली शिवण टाक्याटाक्याने उसवत जाते आणि पट्टा लांबत जातो. याचे काम एकच, थांबण्याचे अंतर वाढवणे. अशा साधनांचा मानकातला कमाल जोर 6 किलोन्यूटन असतो. शंभर किलोच्या माणसासाठी हा सहापटीच्या आसपास येतो. कथेतल्या जाळ्याने जे करायला हवे होते, ते हे पुडके करते. एकदा उसवले की ते टाकून द्यायचे असते. पुन्हा वापरले तर उसवायला शिवणच शिल्लक नसते.

हाच हिशेब आपल्या दहीहंडीला लावून पाहावा. नऊ थरांची उंची साधारण 12 मीटर. खाली अंथरलेली गादी 10 सेंटिमीटर दबली, तर भागाकार 120 येतो. म्हणजे एवढ्या उंचीला केवळ गादीवर भिस्त ठेवता येत नाही. वरच्या गोविंदाला दोर बांधला तर उपयोग होतो, पण दोर किती ढिला आहे, यावर सगळे अवलंबून. एक मीटर ढील आणि 10 सेंटिमीटर ताण म्हणजे दहा अधिक एक, अकरा पट. 40 किलोच्या गोविंदाला 440 किलोचा हिसका, तोही कमरेच्या एका पट्ट्यावर बसला तर कणा दुखावतो. मांड्या, कंबर आणि छाती धरणारा पूर्ण पट्टा हवा आणि थर चढतील तसा दोर सतत वर ओढत राहणारा माणूस हवा, हे या एका भागाकारातून निघते. नायकाने मुलीला झेलण्याचा लेख वाचलेल्या मुलाला हे आपोआप कळेल.

आता तोफेकडे वळू. भा. रा. भागवतांमुळे ज्यूल व्हर्न मराठी मुलांना घरचा झाला. 1865 च्या त्याच्या कादंबरीत फ्लोरिडामध्ये जमिनीत 900 फूट लांबीची तोफ ओततात आणि तिच्यातून तीन माणसे चंद्राकडे सोडतात. व्हर्नने बरेच काही अचूक धरले होते. सेकंदाला 12,000 यार्ड, म्हणजे जवळपास 11 किलोमीटर हा वेग दहावीच्या पुस्तकातल्या 11.2 किलोमीटरच्या मुक्तिवेगाच्या (पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगाच्या) अगदी जवळ आहे. अडचण वेगाची नाही, नळीच्या लांबीची आहे. 900 फूट म्हणजे 274 मीटर. शून्यापासून 11 किलोमीटरचा वेग एवढ्या अंतरात गाठायचा तर सेकंदाचा विसावा भाग मिळतो आणि वजनाच्या 22 हजार पटींहून जास्त जोर येतो. सत्तर किलोच्या माणसावर दीड हजार टनांहून अधिक.

व्हर्नला झटक्याची जाणीव होती. म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी तीन फूट पाण्याची गादी ठेवली. पाण्याने धक्का मऊ होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आपल्या नियमाने पाहिले तर तीन फूट पाण्यामुळे प्रवाशांना मिळणारे अंतर 274 चे 275 मीटर झाले. 22 हजारांतून शंभरही कमी होत नाहीत. आम्हाला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण ‘मऊ’ आणि ‘टणक’ या शब्दांमागे दडलेले अंतर इथे उघडे पडते. तीनपट वजनाच्या आत राहायचे तर नळी सुमारे 2,050 किलोमीटर लांब हवी, मुंबई ते हावडा रेल्वेमार्गापेक्षाही लांब. रॉकेट नेमके हेच करते, जोर थोडा पण मिनिटांमागून मिनिटे लावत राहते.

जोराचा प्रश्न सुटला असे धरले तरी हवा उरतेच. समुद्रसपाटीवर एका चौरस मीटरवर सुमारे 10 टन हवेचा स्तंभ उभा असतो. व्हर्नचा गोळा नऊ फूट व्यासाचा, म्हणजे त्याच्या वाटेत जवळपास 60 टन हवा. गोळ्याचे वजन 19,250 पौंड, पावणेनऊ टन. स्वतःच्या सातपट वजनाची हवा बाजूला सारून तो वेग टिकवणार कसा? हा हिशेब पाच ओळींचा आहे आणि आम्हाला तो नळीच्या हिशेबापेक्षाही पटणारा वाटतो. तोफेने अंतराळ गाठणे मात्र खोटे नाही. नोव्हेंबर 1966 मध्ये अमेरिकेतल्या युमा येथून 16 इंची तोफेने एक निमुळता गोळा सुमारे 180 किलोमीटर उंच उडवला होता. त्यात माणूस नव्हता आणि तो परत खाली आला. जमिनीवरून एकदाच ढकललेली वस्तू पुन्हा ढकलल्याशिवाय कक्षेत राहत नाही, कारण तिचा मार्ग सुटल्या जागी, म्हणजे जमिनीलाच परत येऊन मिळतो.

बुक्कीचे थोडक्यात. सत्तर किलोचा माणूस एक मीटर उंचीवरून आडवा पाच मीटर दूर पडायचा, तर त्याला सेकंदाला 11 मीटर वेग हवा. बुक्कीचा स्पर्श सेकंदाचा विसावा भाग टिकला असे धरले, तर जोर दीड टनाच्या वर जातो. तेवढाच जोर नायकाला मागे ढकलतो आणि त्याच्या बुटांची जमिनीवरची पकड फार तर त्याच्या वजनाएवढी, सत्तर किलोची. म्हणजे गुंडाइतकाच नायकही मागे फेकला जायला हवा. पडद्यावर तो जागचा हलत नाही, कारण गुंडाच्या पाठीला तार बांधलेली असते.

ही तार पकडता येते, आणि मुलांना सर्वांत जास्त रमवेल ते हेच काम. प्रसंग एकेक चौकटीने (फ्रेमने) पुढे सरकवा. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. इंटरनेटवरची प्रत 25 किंवा 30 ची असू शकते, त्यामुळे फाईलची माहिती आधी पाहावी. ‘ट्रॅकर’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर यासाठीच आहे. नसेल तर पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक लावून दर चौकटीला स्केचपेनने ठिपका द्यावा. मोजपट्टी म्हणून ओळखीची वस्तू घ्यावी, जसे सुमारे 2.1 मीटरचे दार. एवढी उंची मोकळे पडायला 16 चौकटी लागतात. 30 चौकटी लागल्या तर दोन शक्यता: तार, किंवा मंदगती चित्रण. त्यांतला फरक ठिपक्यांतल्या अंतरांवरून कळतो. पडायला सुरुवात झाल्यापासून समान काळात कापलेली अंतरे 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढतात, हे गॅलिलिओने दाखवून दिले. मंदगतीत वेळ ताणली जाते पण हे प्रमाण मोडत नाही. तारेवरच्या माणसाचे ठिपके मात्र लवकरच समान अंतरावर येऊ लागतात.

यात चुका कुठे होतात, तेही छापायला हवे. मोजपट्टी आणि पडणारा माणूस कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. माणूस सहा मीटरवर आणि दार नऊ मीटरवर असेल तर उत्तर दीडपटीने चुकते. कॅमेरा सरकत असेल तर भिंतीवरचा एखादा स्थिर ठिपकाही प्रत्येक चौकटीत नोंदवून वजा करावा लागतो. मध्येच दृश्य कापले असेल तर तो प्रसंग सोडून द्यावा.

छोट्या प्रतिकृती ओळखण्याची युक्तीही यातलीच. पंचवीसपट लहान इमारत कोसळायला पाचपट कमी वेळ घेते. म्हणून छायाचित्रकार ती सेकंदाला 120 चौकटींनी टिपून 24 ने दाखवतात आणि पडणे खरे वाटते. पाणी मात्र फसत नाही. पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार प्रतिकृतीसोबत लहान होत नाही, त्यामुळे जहाजाच्या कडेला उडणारा तुषार फुटबॉलएवढा दिसतो. जुन्या समुद्रपटांत हे सहज सापडेल.

सगळ्या जुन्या लेखकांनी हिशेब टाळला, असेही नाही. स्विफ्टच्या कादंबरीतला गलिव्हर लिलिपुटच्या चिमुकल्या लोकांच्या बारापट उंच, म्हणून तिथल्या गणितज्ञांनी बाराचा घन करून त्याला 1,728 जणांचे अन्न ठरवले (काही आवृत्त्यांत 1,724 छापले आहे). घन केला हे बरोबर, पण अन्न वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे ते वजनाच्या तीन चतुर्थांश घातांकाने वाढते. त्या हिशेबाने जेमतेम 270 जणांचे जेवण पुरे झाले असते. अशा ठिकाणी ‘अशक्य’ म्हणून काय मिळते? चूक कोणत्या पायरीवर झाली, ते दाखवले तर वाचक पुढच्या वेळी ती पायरी स्वतः तपासतो.

शेवटी घरी करण्याजोगा प्रयोग, कारण त्याशिवाय सदर कोरडे राहील. फोनवर ‘फायफॉक्स’ हे जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेले मोफत ॲप घ्यावे आणि त्यात गुरुत्वाकर्षण धरून दाखवले जाणारे त्वरण निवडावे. फोन टेबलावर स्थिर असताना ते 9.8 दाखवते, म्हणजे वजनाची एक पट; आलेखावरचा आकडा 9.8 ने भागला की किती पट ते कळते. घडी घातलेल्या जाड रजईवर फोन आडवा धरून 10 सेंटिमीटर उंचीवरून सोडावा. पडताना आलेख शून्याजवळ उतरतो, नंतर एक उंच टोक दिसते. शेजारी पट्टी उभी करून दुसऱ्या फोनवर मंदगती चित्रण घेतले की रजई किती दबली, ते मोजता येते. ती चार सेंटिमीटर दबली तर सरासरी साडेतीन पट यायला हवी आणि टोक साधारण तिच्या दुप्पट. मग रजईची एकेक घडी कमी करत जावे, पण खाली टणक फरशी लागण्याआधी थांबावे.

टोक वर सपाट कापल्यासारखे दिसले, तर तो निकाल टाकून द्यावा. फोनमधल्या संवेदकाची मर्यादा सहसा वजनाच्या 8 किंवा 16 पट असते आणि त्यावरचे काही तो सांगू शकत नाही. दुसरी अडचण नोंदींच्या संख्येची. फोन सेकंदाला 100 नोंदी घेत असेल, तर थांबण्याच्या साऱ्या काळात पाच-सहाच नोंदी होतात आणि खरे टोक दोन नोंदींच्या मध्ये निसटते. फोन तिरका पडला तर जोर तीन दिशांत विभागला जातो, तेव्हा एकच अक्ष न पाहता एकूण त्वरण पाहावे. प्रयोग वस्तूंवरच करायचा, पलंगावरून किंवा गॅलरीतून कोणीही उडी मारायची नाही, ही सूचना प्रत्येक वेळी ठळक छापावी.

सदरात वाचकांचे निकाल छापताना उंची, दबलेले अंतर, फोनचा नोंदीचा वेग आणि मूळ आलेख या चार गोष्टी सोबत मागवाव्यात. ज्यांचे उत्तर आमच्या हिशेबाशी जुळणार नाही, त्यांची पत्रे आधी छापावीत. पहिल्या चार लेखांची आकडेमोड आणि आकृत्या तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचा एक गट, सातारा